जुना कॉमिक घेण्याआधी: डागडुजी किती चालेल, ते ठरवण्याची तयारी

सगळ्यात आधी वही काढा आणि एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा: हा अंक मला कशासाठी हवाय? वाचायला, मालिका पूर्ण करायला, पुढे विकायला, की आयुष्यात एकदा तरी तो आपल्या घरात असावा म्हणून? लिहूनच ठेवा, कारण ऐंशी वर्षांपूर्वीचं लखलखीत मुखपृष्ठ समोर आलं की मनातलं उत्तर बदलतं. जून 1938 चा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला, तेव्हा दहा सेंटला मिळायचा. आज त्याच्या न छेडलेल्या प्रती लाखो डॉलरच्या घरात आहेत. तो किंवा बॅटमॅन पहिल्यांदा दिसला तो मे 1939 चा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ 27 ज्याला हवाच आहे, त्याच्यासाठी डागडुजी केलेली प्रत हा बहुतेकदा आवाक्यातला एकमेव रस्ता असतो. पण 1970 च्या दशकातला, भरपूर प्रती शिल्लक असलेला अंक घेताना डागडुजी कशाला खपवून घ्यायची? किती चालेल हे अंकागणिक बदलतं. दुर्मीळ अंकाला संग्राहक जेवढं माफ करतात, तेवढं सहज मिळणाऱ्या अंकाला करत नाहीत.

मग शब्द पक्के करा, कारण निम्मी भांडणं शब्दांवरून होतात. ढोबळमानाने कामाचे तीन ढीग. पहिल्या ढिगात कोरड्या खोडरबराने मळ काढणं आणि ऊब-दाब देऊन अंक सपाट करणं, म्हणजे प्रेसिंग. प्रतवारी करणाऱ्या, म्हणजे अंकाची अवस्था तपासून तिला दर्जा देणाऱ्या मोठ्या कंपन्या याला डागडुजी धरत नाहीत. दुसऱ्या ढिगात जतन: फाटलेल्या जागी गव्हाची खळ आणि पातळ जपानी कागद लावणं, सुटलेला तुकडा जागेवर बसवणं, गंजलेल्या पिना काढून त्याच काळातल्या पिना घालणं, कागदातली आम्लता कमी करणं. तिसरा ढीग खऱ्या डागडुजीचा: उडालेल्या जागी रंग भरणं, गेलेला कोपरा दुसऱ्या कागदाने पुरा करणं, मुखपृष्ठावर नवी चकाकी चढवणं, कडा कातरणं, गहाळ पान नव्याने बनवणं. दुसरा आणि तिसरा ढीग वेगळे का, हे नीट समजून घ्या. जतनाचा हेतू कागद टिकावा हा असतो, आणि खळ पाण्याने सुटते, म्हणजे केलेलं मागे घेता येतं. रंग भरण्याचा हेतू अंक होता त्यापेक्षा चांगला दिसावा, हा असतो. माझ्या मते स्वीकार-नकाराची खरी रेघ इथेच आहे, आणि बाजारही हळूहळू तिथेच येतोय.

लेबलं तोंडपाठ करा. 2000 साली अमेरिकेत सीजीसी या प्रतवारी कंपनीने कॉमिक्स पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून प्रतवारी द्यायला सुरुवात केली. निळं लेबल म्हणजे डागडुजी नाही, जांभळं म्हणजे आहे. त्याआधी, विशेषतः 1980 च्या दशकात, चांगल्या हाताने दुरुस्त केलेला अंक अभिमानाने मिरवला जायचा, त्यासाठी पैसेही जास्त मोजले जायचे. जांभळं लेबल आलं आणि तेच अंक एका रात्रीत सावत्र झाले. संग्राहक त्याला ‘मृत्यूचं जांभळं लेबल’ म्हणू लागले. मला हे नाव अन्यायाचं वाटतं. कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा रंग लावलेला अंक आणि अर्धं मुखपृष्ठ नव्याने रंगवलेला अंक एकाच रंगाखाली कितीतरी वर्षं उभे राहिले. पुढे जतन केलेल्या अंकांना वेगळी ओळख मिळाली आणि डागडुजीला मोजपट्टीही आली: अक्षर कामाच्या दर्जाचं, आकडा कामाच्या प्रमाणाचा. ‘ए-1’ म्हणजे उत्तम हाताचं, अगदी थोडं काम. ‘सी-5’ म्हणजे हौशी हाताने केलेलं भरमसाट काम. तेव्हा लेबलाचा रंग पाहून थांबू नका, अक्षर, आकडा आणि खाली लिहिलेल्या कामांची यादी वाचा. सुवर्णयुगातल्या, म्हणजे साधारण 1938 पासून 1950 च्या सुमारापर्यंतच्या अंकांवर अगदी किरकोळ रंग किंवा गोंदाचा ठिपका असेल, तर कधीकधी निळं लेबलसुद्धा मिळतं. ती नोंद लेबलावरच असते आणि ती न वाचता पैसे देणारे मी पाहिलेत.

चिकटपट्टीचंही मनाशी ठरवून ठेवा, कारण इथला नियम आधी विचित्र वाटतो. कुणीतरी लहानपणी कण्यावर मारलेली पिवळी पडलेली सेलोटेप दोष धरली जाते, प्रतवारी खाली जाते, पण ती डागडुजी धरत नाहीत. त्याच फाटीवर कसबी माणसाने खळ आणि जपानी कागद लावला, तर त्याची नोंद लेबलावर येते. टेपचा चिकटा मात्र वर्षानुवर्षं कागदात मुरत जातो आणि तपकिरी डाग उमटतो. मला दोन्हींतून निवडायचं असेल तर मी डोळे झाकून खळ निवडेन. विकायला घेणाऱ्याने मात्र टेपचा अंक घ्यावा, बाजार आज त्याच बाजूने आहे.

आता सामान. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मऊ प्रकाशाचा हलवता येईल असा दिवा, अतिनील टॉर्च, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, आणि शक्य असेल तर त्याच महिन्याचा त्याच प्रकाशकाचा दुसरा अंक. हात स्वच्छ आणि कोरडे असले की पुरे. सीलबंद पेटीतल्या अंकाला यातलं फारसं काही लागत नाही, पण उघडा अंक घेताना हे सामान नसेल तर व्यवहार पुढे ढकला.

तपासताना मुखपृष्ठ पुढून नाही, आतून पाहायला सुरुवात करा. रंग वरून लपतो, आतून नाही. साधारण 1960 च्या दशकातला, काळ्या मुखपृष्ठाचा एक अंक मी ‘डागडुजी नाही’ या शब्दावर घेतला होता. कणा इतका काळाभोर, की जुन्या घडीची एकही पांढरी रेघ दिसेना. तिथेच मला शंका यायला हवी होती. इतकी वर्षं हाताळलेल्या कण्यावर छोट्या पांढऱ्या चिरा असतातच, त्या नसणं हीच खूण असते. घरी येऊन मुखपृष्ठाची आतली बाजू दिव्यापाशी धरली, तर पिनेच्या आजूबाजूला जांभळट शाईचे ठिपके झिरपलेले. कुणीतरी मार्करने कण्याच्या चिरा झाकल्या होत्या. दिवा तिरका धरल्यावर छापील काळा मंद दिसला आणि मार्करचा काळा तांब्यासारखा चमकला. हे काम कसब्याचंही नव्हतं, एखाद्या मुलाने हौसेने केलेलं असेल. पण मार्करची शाई धाग्यात शिरते आणि कागदाला इजा न करता ती निघणं फार अवघड. तो अंक अजून माझ्याकडे आहे आणि मला तो आवडतो. किंमत मात्र मी निळ्या लेबलाची मोजली होती.

अतिनील टॉर्चचा उपयोग भरलेले तुकडे शोधायला. 1950 च्या आधीच्या कागदात सहसा चकाकीची रसायनं नसायची. आधुनिक कागद त्या प्रकाशात निळसर उजळतो, जुना न्यूजप्रिंट मलूल राहतो. सुवर्णयुगातल्या अंकाचा एकच कोपरा उजळला तर तो कोपरा नंतरचा. पिनांकडे बारकाईने पाहा: भोकाभोवती गंजाचा डाग आणि पिन मात्र चकचकीत, म्हणजे पिन बदललेली. पानं मोजा, मधलं जोडपान आहे ना ते पाहा. 1974 ते 1976 च्या मार्व्हलच्या अंकांत कापून गोळा करायचे ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ छापलेले असायचे. मार्व्हलचा नायक वुल्व्हरिन पूर्णपणे पहिल्यांदा दिसतो तो 1974 चा ‘इन्क्रेडिबल हल्क’ 181 घेताना ते पान उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टॅम्प असला तरी ते पान दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेलं नाही ना, हे कागदाचा रंग शेजारच्या पानांशी जुळवून पाहा.

पट्टी लागते ती कातरलेल्या कडांसाठी, आणि इथे मी कठोर आहे. भरलेला रंग, लावलेला कागद, गोंद, हे सगळं काहीतरी घातलेलं असतं. कातरणं म्हणजे मूळ कागद कायमचा काढून टाकणं. खराब कडा एक मिलिमीटरने छाटली की अंक धारदार आणि ताजा दिसतो, पण गेलेला कागद कुठलाच कसबी परत आणू शकत नाही. सुरुवातीचे सुवर्णयुगातले अंक साधारण पावणेआठ इंच रुंद, 1960 च्या दशकातले सव्वासात इंचांच्या आत. पण कारखान्यातली कापणीसुद्धा सरळ नसायची, म्हणून नुसत्या मापावरून निकाल देऊ नका. कडेचा रंग पाहा. पानांचा बाहेरचा काठ वर्षानुवर्षं हवेला लागून तपकिरी होतो. मधला कागद आणि काठ सारखाच फिका असेल, किंवा मुखपृष्ठाची कडा आतल्या पानांच्या कडेशी सुरीने एकत्र कापल्यासारखी तंतोतंत जुळत असेल, तर अंक परत करा. किंमत कितीही उतरली तरी कातरलेला अंक मी घेत नाही.

प्रेसिंगबद्दल वाद संपणार नाही. एका गटाचं म्हणणं, काही घातलं नाही, काढलं नाही, तर ती डागडुजी कसली. दुसऱ्याचं म्हणणं, घडी होती ती गेली, म्हणजे अंकाचा इतिहास बदलला. मला ते चालतं, जाणत्या हाताने केलं असेल तर. नवख्याने जास्त उष्णता दिली की कणा चपटा होतो आणि पिनांभोवती ठसा उमटतो.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न लेखी विचारा: काही काम झालंय का, कुणी केलं, कधी, कामाआधीचे फोटो आहेत का, लपवलेलं निघालं तर परतीची मुदत किती? ‘माझ्या माहितीप्रमाणे नाही’ हे उत्तर ‘नाही’ या उत्तराइतकं पक्कं नसतं, हे लक्षात ठेवून मुदत वाढवून घ्या. किंमत ठरवताना दरपुस्तकातला आकडा डागडुजी नसलेल्या प्रतीचा असतो. त्याच अंकाच्या त्याच लेबलाच्या प्रती लिलावात खरोखर किती डॉलरला गेल्या, ते काढा.

अंक आधीच तुमच्याकडे असेल आणि दुरुस्तीचा विचार असेल, तर यादी छोटी आहे. घरी काही करू नका, ना टेप, ना गोंद, ना मार्कर. कसब्याकडे देताना चारही बाजूंचे आणि आतल्या मुखपृष्ठांचे फोटो काढा, फक्त जतनापुरतं काम सांगा, आणि काय काय केलं याचा लेखी तपशील मागा. काढलेल्या मूळ पिना पाकिटात परत मागा. उलटही घडतं: निळं लेबल मिळावं म्हणून लोक जुना भरलेला रंग खरवडून घेतात, बसवलेला कोपरा कापून टाकतात, आणि अंक आधीपेक्षा फाटका पण ‘शुद्ध’ होतो. किरकोळ, सहज निघणारा रंग असेल तर समजू शकतो. पण टिकून असलेला, चांगल्या हाताने बसवलेला कोपरा फक्त लेबलाच्या रंगासाठी छाटायला मी कधीच सांगणार नाही.

घेतलेला अंक मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लमुक्त पुठ्ठ्यावर ठेवा, उजेड आणि ओल टाळा. पुठ्ठ्यामागे एक आम्लमुक्त चिठ्ठी सरकवा: कुठे, काय काम झालंय, कुठल्या प्रकाशात दिसतं, तुम्ही कधी तपासलंत. अंक पुढे ज्याच्या हाती जाईल त्याने पाकीट उघडताच ती दिसली पाहिजे.