चष्मेवाल्यांचा थवा कसा शोधावा, कसा पाहावा

चष्मेवाला पक्षी जेमतेम ८-९ सेंटीमीटरचा. हिरवट पिवळा असल्याने पानांत शिरला की संपलंच. म्हणून दुर्बीण राहू द्या, आधी कान लावा.

१. आवाज पकडा. विणीचे महिने सोडले तर हे पक्षी थव्यानेच फिरतात, आणि दाट पानोऱ्यात चुकामूक होऊ नये म्हणून सतत बारीक, किनऱ्या आवाजात एकमेकांना हाका देत राहतात. एका झाडातली ही कुजबुज हळूहळू शेजारच्या झाडात सरकू लागली, की थवा सापडला.

२. फुललेलं झाड गाठा. काटेसावर किंवा पांगारा बहरात असेल तर उत्तमच. चष्मेवाल्याच्या जिभेचं टोक तंतुमय असतं, मध टिपायला सोयीचं. फुलांत तोंड खुपसताना कपाळाला परागकण माखतात आणि परागीभवन आपसूक होतं. तेव्हा केशरी कपाळाचा ‘वेगळाच’ पक्षी दिसला तर लगेच हुरळून जाऊ नका! फुलं नसतील तर घाणेरीच्या पिकल्या फळांवर नजर ठेवा. किडे मात्र तो बारमाही टिपतो.

३. ओळख पक्की करा. डोळ्याभोवती बारीक पांढऱ्या पिसांचं कडं, पिवळा गळा, राखट पोट, शेपटीखाली पुन्हा पिवळा रंग. शिंजिर आणि सुभग या दोन छोट्या पक्ष्यांशी गल्लत होऊ शकते: शिंजिराच्या मादीची चोच लांब आणि बाकदार असते, तर सुभगच्या पंखांवर पांढरे पट्टे असतात. चष्मेवाल्यात नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे त्या शोधात वेळ घालवू नका.

४. पाठलाग करू नका. थवा ज्या दिशेला सरकतोय तिकडे वळसा घालून आधीच जाऊन उभे राहा. हालचाल केली नाही तर ते अगदी जवळ येतात. मग खरी गंमत दिसते: उलटं लटकून पानाची खालची बाजू तपासणं, एकमेकांना खेटून बसणं, शेजाऱ्याची पिसं साफ करून देणं. पानांवर दव असेल तर त्यातच अंघोळही उरकतात.

५. विणीच्या काळात हात आवरा. फेब्रुवारी ते सप्टेंबर, त्यातही एप्रिलच्या सुमारास जास्त, थव्यातून जोड्या वेगळ्या होतात. नराचं गाणं ऐकू येईल न येईल असं सुरू होतं, चढतं आणि विरतं. कोळ्याची जाळी आणि झाडांचे तंतू वापरून ही जोडी फांदीच्या बेचक्यात झोळीसारखं टांगलेलं इवलंसं घरटं बांधते. चारेक दिवसांत ते तयार होतं. बहुधा दोन-तीन फिकट निळी अंडी, दहाएक दिवसांत पिल्लं. अंडी उबवणं आणि पिल्लांना भरवणं, दोन्ही कामं नर-मादी मिळून करतात. एरवी भित्रे हे पक्षी घरट्याजवळ आलेल्या खारीवर मात्र तुटून पडतात. घरटं दिसलं तर पानं बाजूला करू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, मोबाइलवर आवाजही वाजवू नका. मी तर घरट्याची जागा कुणाला सांगतही नाही.

६. मोजणी शेवटी. पानांत असताना मोजलेला आकडा हमखास चुकतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना ते मोकळ्या जागेतून एकामागून एक निघतात, तेव्हा मोजा. तारीख, झाड आणि ते काय खात होते, एवढं लिहून ठेवा.