फ्यूनरल डायरेक्टरचं लायसन्स आणि सोबत स्वतःचा बोर्डगेम: अमेरिकेत दोन्ही कसं जमवायचं

अमेरिकेत फ्यूनरल डायरेक्टर, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारा माणूस, व्हायला लायसन्स लागतं आणि बोर्डगेम बनवायला कुणाची परवानगी लागत नाही, पण लोक नेमकं उलटं करतात, लायसन्सचं बघू नंतर म्हणतात आणि गेमच्या पेटंटसाठी मात्र वकिलाच्या हात धुऊन मागे लागतात.

तर आधी लायसन्स. हे केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं, म्हणून पहिले आपल्या राज्याच्या बोर्डाचे नियम वाचा, काही राज्यांत एम्बामिंगचं (मृतदेह टिकवून ठेवायच्या कामाचं) लायसन्स वेगळं असतं, काहींत एकच. साधारण वाट अशी की मॉर्च्युरी सायन्सची, म्हणजे याच व्यवसायाच्या शिक्षणाची, डिग्री, बहुतेक वेळा दोन वर्षांची असोसिएट (कॉलेजला एबीएफएसई, म्हणजे अशा कोर्सना मान्यता देणारी संस्था, तिची मान्यता आहे ना हे फी भरायच्या आधी बघा, नंतर बोंबलून उपयोग नाही), मग नॅशनल बोर्ड एक्झाम, आणि लायसन्सवाल्याच्या हाताखाली अप्रेंटिसशिप, बऱ्याच ठिकाणी एक वर्षाची, काही ठिकाणी जास्त. परीक्षेचे आर्ट्स आणि सायन्सेस असे दोन भाग आहेत. आर्ट्स नाव बघून हलक्यात घेऊ नका, त्यात कायदा, बिझनेस, शोकात असलेल्या माणसांशी कसं बोलायचं हे सगळं येतं. कोलोरॅडोने 1983 मध्ये लायसन्सची अट काढली होती, पण 2024 मध्ये तिथेही ती परत आणायचा कायदा झाला, त्यामुळे ती पळवाट डोक्यातून काढा. राज्य बदललं तर लायसन्स आपोआप सोबत येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता गेम. विषय बाहेर शोधायची गरज नाही, तो तुमच्या टेबलावरच आहे. 1984 पासून लागू असलेल्या फ्यूनरल रूलप्रमाणे (हा मात्र केंद्र सरकारचा नियम) कुणी समोर येऊन चौकशी केली की छापील जनरल प्राइस लिस्ट त्याच्या हातात द्यावी लागते, तीच लिस्ट पत्त्यांचा कॅट म्हणून बघा: कास्केट (शवपेटी), हर्स (शववाहिका), चॅपल (प्रार्थनेची खोली), फुलं, प्रत्येक पत्त्याला किंमत, प्रत्येक खेळाडूकडे एक कुटुंब आणि ठराविक बजेट, आणि मधेच एखादा पत्ता निघतो की मोठ्या मुलाची फ्लाइट लेट झाली, विधी उद्यावर. झाला ना ताण तयार? फक्त खऱ्या कुटुंबाची गोष्ट उचलू नका, नाव बदललं तरी लहान गावात लोक बरोबर ओळखतात.

पहिला प्रोटोटाइप कोऱ्या इंडेक्स कार्डांवर पेन्सिलीने करा, सोंगट्या दुसऱ्या गेममधून उसन्या घ्या, चित्रकाराला एवढ्यात पैसे देऊ नका. मग खरं काम, नियमांचा कागद टेबलावर ठेवायचा आणि तुम्ही कोपऱ्यात तोंड शिवून बसायचं. एखाद्याचा हात पत्त्यांवर अधांतरी थांबला आणि त्याने तुमच्याकडे बघितलं की समजा घोडं तिथेच अडलंय, उत्तर द्यायचं नाही, नियमाचं ते वाक्य लिहून ठेवायचं आणि रात्री बदलायचं. पेटंटपेक्षा यावर वेळ घालवा असं माझं स्पष्ट मत आहे.

पेटंटचं सांगायचं तर मोनोपॉलीच्या आधीच्या लँडलॉर्ड्स गेमसाठी एलिझाबेथ मॅगीला 1904 मध्ये आणि मोनोपॉलीसाठी चार्ल्स डॅरोला 1935 मध्ये मिळालं, पण 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या अॅलिस निकालानंतर (नुसत्या अमूर्त कल्पनेला पेटंट नाही, असा तो निकाल) नुसत्या नियमांवर पेटंट मिळणं फार अवघड झालंय. कॉपीराइट नियमपुस्तिकेच्या शब्दांना आणि चित्रांना मिळतो, खेळायच्या पद्धतीला नाही, आणि नावासाठी ट्रेडमार्क. तरीही पेटंट हवंच असेल तर गेम जगासमोर आणल्यापासून अमेरिकेत एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

नोकरी करत असाल तर करारपत्रात शोधांवर मालकी कुणाची असं कलम आहे का ते वाचा, आणि गेमची फाइल कामाच्या लॅपटॉपवर ठेवूच नका. गेम 12 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असेल तर मान्यताप्राप्त लॅबमधून टेस्टिंग करावं लागतं, नुसतं 14+ छापून सुटका होत नाही, गेम खरंच मोठ्यांचा असावा लागतो.

आणि खोक्यावर 'लायसन्स्ड फ्यूनरल डायरेक्टरने बनवलेला' असं टाकणार असाल तर छपाईला द्यायच्या आधी लायसन्सच्या रिन्युअलची तारीख बघा आणि कंटिन्युइंग एज्युकेशनचे (लायसन्स चालू ठेवायला लागणाऱ्या शिक्षणाचे) तास राहिले असतील तर ते आधी उरका.