ऑटिझम: एमआरआय करायचा का, जेनेटिक टेस्ट कुठली, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

निदान झालं की घरात दोन प्रश्न येतात, एक म्हणजे "डोक्यात नक्की काय झालंय, एमआरआय काढूया का" आणि दुसरा, जो बऱ्याचदा आईकडे बघूनच विचारला जातो, "हे आलं कुणाकडून". दोन्हीसाठी एक क्रम आहे. त्या क्रमाने गेलात तर पैसे वाचतात आणि घरातली भांडणं पण.

आधी एमआरआयचं बघू. ऑटिझमचं निदान स्कॅनवर होत नाही, मुलाचं वागणं, बोलणं, खेळणं बघून होतं. संशोधनात मेंदूतले फरक सापडलेत हे खरंय, २०१७ मध्ये ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा बाळांचे स्कॅन केले होते, त्यातल्या ज्यांना पुढे ऑटिझम निघाला त्यांच्या मेंदूचा वरचा थर ६ ते १२ महिन्यांच्या काळात जास्त वेगाने पसरत होता. पण ही गटाची सरासरी झाली, तुमच्या एकट्या मुलाची फिल्म बहुतेक वेळा नॉर्मलच येते, आणि त्यासाठी लहान मुलाला औषध देऊन झोपवावं लागतं ते वेगळंच. मग करायचा कधी? फिट येत असतील, आलेलं बोलणं किंवा चालणं जात असेल, शरीराची एक बाजू कमजोर वाटत असेल, किंवा डोकं वयाच्या मानाने फारच मोठं किंवा लहान असेल तर डॉक्टर सांगतील, तेव्हा नक्की करा.

डोकं घरीच मोजता येतं. न ताणणारी टेप भुवयांच्या जरा वरून आणि मागे सगळ्यात फुगीर भागावरून फिरवायची, तीनदा मोजायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. आईबाबांचंही मोजा, कारण काही घरांत सगळ्यांचीच डोकी मोठी असतात. मुलाचं खूपच मोठं असेल तर डॉक्टर पीटेन नावाच्या जीनची तपासणी सुचवू शकतात, त्यातला बदल कळणं महत्त्वाचं, कारण पुढे गाठींसाठी लक्ष ठेवावं लागतं. अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग असतील तर तेही दाखवा, ट्यूबरस स्क्लेरोसिस या जेनेटिक आजारात तसे दिसतात आणि तिथे एमआरआय खरंच लागतो.

मग कागद घेऊन तीन पिढ्यांचा तक्ता काढा. कुणाला फिट, कुणाला उशिरा बोलणं, कुणाचे गर्भ पडले, कुणाची पाळी ४० च्या आत गेली, कुठल्या आजोबांचे म्हातारपणी हात थरथरायचे आणि तोल जायचा, सगळं लिहा. शेवटच्या दोन गोष्टींवरून फ्रॅजाइल एक्स या घराण्यातून येणाऱ्या जेनेटिक आजाराचा सुगावा लागतो. आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, तुमचं तसं असेल तर लाजून लपवू नका प्लीज, त्याने टेस्टची निवडच बदलू शकते.

टेस्टमध्ये साधारण आधी दोन सांगतात, क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे (क्रोमोसोमचे गळालेले किंवा जादा आलेले तुकडे शोधते ती) आणि फ्रॅजाइल एक्स. फ्रॅजाइल एक्स मायक्रोअ‍ॅरेत दिसत नाही, वेगळी सांगावी लागते, त्यात सीजीजी हा डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा आलाय ते मोजतात, २०० च्या वर गेला तर आजार, ५५ ते २०० म्हणजे वाहक. मायक्रोअ‍ॅरेत १०० पैकी साधारण १० मुलांमध्ये कारण सापडतं. नाही सापडलं तर पुढे एक्झोम, म्हणजे जीन्समधला प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी टेस्ट. या टेस्टसाठी मुलाला उपाशी ठेवायची गरज नाही.

रिपोर्टमध्ये पॅथोजेनिक लिहिलं असेल तर तो बदल कारण आहे असं धरतात. व्हीयूएस लिहिलं असेल तर अर्थ अजून ठरलेला नाही, त्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका, आईबाबांचं रक्त तपासून तो बदल नवा आहे का ते बघतात. निगेटिव्ह आला म्हणजे जेनेटिक नाही असंही नसतं, शेकडो जीन्सचा थोडाथोडा वाटा या टेस्टमध्ये पकडला जात नाही. १६पी११.२ चं उदाहरण घ्या, सोळाव्या क्रोमोसोमवरचा हा तुकडा गाळला गेला तर डोकं मोठं होण्याकडे कल, दुप्पट झाला तर लहान, आणि तोच बदल असलेले काही आईवडील नोकरी-संसार करत असतात, कधी पत्ताच नसतो. रिपोर्ट म्हणजे पत्रिका नाही, मूल किती बोलेल हे त्यात लिहिलेलं नसतं.

आणि "कुणाकडून" चं उत्तर मला घरातल्या मोठ्यांना ऐकवायचंय. प्रत्येक बाळात साधारण ६० ते ७० अगदी नवे बदल असतात जे आईत नसतात ना वडिलांत, त्यातले जास्त वडिलांच्या बाजूने येतात आणि त्यांच्या वयाबरोबर वाढतात. कुणी काही चुकीचं केलं म्हणून नाही. सुनेला बोलणं आजपासून बंद करा.

दुसरं मूल हवं असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा. कारण माहीत नसेल तर पुढच्या भावंडाला ऑटिझम असण्याची शक्यता १०० त साधारण २० धरतात, बदल नवा निघाला तर खूपच कमी, आई फ्रॅजाइल एक्सची वाहक असेल तर तो जीन पुढे जायची शक्यता निम्मी.

रिपोर्ट दाखवून कुणी स्टेम सेलचं पॅकेज विकायला लागलं तर उठून या. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांत ऑटिझमसाठी ते मान्य उपचार नाहीत. रिपोर्टला कित्येक आठवडे लागतात, तोवर स्पीच आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) थांबवू नका, त्यांना रिपोर्टची गरजच नाही.

एक्झोम केलं असेल तर लॅबकडून मूळ डेटा मागून पेनड्राइव्हवर ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा बघून घ्या, नवे जीन सापडत असतात, नव्याने रक्त न देता जुन्याच डेटातून उत्तर निघू शकतं.