मेडिकल मारिजुआना कार्ड घेऊन दुसऱ्या राज्यात जाताना

अमेरिकेत औषध म्हणून गांजा वापरायची परवानगी देणारं हे कार्ड राज्य सरकार देतं, त्यामुळे त्याचा वट त्या राज्यापुरताच. दुसरीकडे चाललंच, तर चालतं ते कार्ड, तुमच्या डबीतला माल नव्हे. राज्याची हद्द ओलांडून गांजा नेणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, मग दोन्ही राज्यांत तो कायदेशीर का असेना. तेव्हा बेत आखायचा तो तिथेच घ्यायचं आणि तिथेच संपवायचं, या हिशेबाने.

तुम्ही अजून अमेरिकेचे नागरिक झाला नसाल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरच्या किंवा ग्रीन कार्डवरच्या आपल्या अनेकांना वाटतं, राज्याने परवानगी दिली म्हणजे झालं. पण इमिग्रेशन खातं केंद्राचा कायदा बघतं. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जात, कधी पकडले गेला नसाल तरी, हातून घडलेल्या गुन्ह्यांबद्दल विचारलेलं असतं. राज्यात कायदेशीर असलेला गांजाही ‘चांगल्या वर्तणुकी’च्या अटीत आडवा येऊ शकतो, असं या खात्याने 2019 मध्ये स्पष्ट केलं. फोनमध्ये कार्डाचा फोटो ठेवून विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी उभं राहणं म्हणजे विकतचं दुखणं.

नागरिक असाल, तर जिथे जायचंय त्या राज्याच्या सरकारी वेबसाइटवर नियम वाचा. नेवाडा आणि वॉशिंग्टन डीसीत बाहेरची कार्डं चालतात. हवाई, ओक्लाहोमा, युटा इथे आधी ऑनलाइन अर्ज करून पाहुण्यांसाठीची तात्पुरती परवानगी काढावी लागते. ओक्लाहोमात ती 100 डॉलरला 30 दिवसांची मिळते. हे काम निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. फ्लोरिडा बाहेरचं कार्ड मानत नाही. कॅलिफोर्नियाही मानत नाही, पण तिथे 21 वर्षांवरच्या कुणालाही ओळखपत्र दाखवून दुकानातून घेता येतं. आयडाहोत मात्र गांजाला परवानगीच नाही, गाडीने जाणाऱ्यांनी नकाशा बघूनच रस्ता ठरवावा.

सोबत मूळ कार्ड आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र ठेवा, दोन्हींची मुदत तपासून. घेतलेल्या मालाचं लेबल आणि पावती फेकू नका.

परतताना उरलेलं बॅगेत टाकायचा मोह होतो. विमानतळावरचे तपासनीस गांजा शोधत बसत नाहीत हे खरं, पण सापडला तर पोलिसांना कळवतात. लास व्हेगासच्या विमानतळावर यासाठीच हिरव्या पेट्या ठेवल्या आहेत: जवळचं त्यात टाका आणि पुढे व्हा, कुणी काही विचारत नाही. ग्रँड कॅन्यनसारखी राष्ट्रीय उद्यानं केंद्राच्या अखत्यारीत येतात, तिथे कुठलंच कार्ड कामाला येत नाही. हॉटेलवाल्यांचे नियमही खोली घेण्याआधीच विचारून घ्या.

भारतात येताना तर नावच काढू नका. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यापुढे अमेरिकेतल्या राज्याचं कार्ड नुसता कागद आहे.

केमोथेरपीतल्या मळमळीसाठी वापरत असाल, तर निघण्याआधी डॉक्टरांना ड्रोनॅबिनॉलबद्दल विचारा. गांजातल्याच एका घटकाची ही प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी कॅप्सूल केंद्राने मान्य केलेली आहे, त्यामुळे फार्मसीच्या बाटलीत ती अमेरिकेत कुठल्याही राज्यात सोबत नेता येते.