मुलांच्या लघवीतला संसर्ग: औषध लागू पडत नाही, त्यामागच्या चुका

ताप आहे, सर्दी-खोकला नाही, लघवी करताना मूल रडतं. अशा वेळी घरात उरलेलं सेफिक्झिम या अँटिबायोटिकचं सिरप पाजलं जातं आणि ताप उतरला नाही की मग कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये प्लेटवर वाढवून पाहायची तपासणी, करायला सांगतात. एक-दोन डोस पोटात गेले तरी जंतू प्लेटवर वाढेनासे होतात. रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’, आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही ते कळतच नाही. म्हणून आधी नमुना, मग पहिला डोस. रिपोर्टसाठी मात्र औषध अडवू नका, त्याला दोन-तीन दिवस लागतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थेट रुग्णालय गाठा.

सगळ्यात जास्त घोळ नमुन्यात होतो. चिकटवायच्या पिशवीत कातडीवरचे, शीचे जंतू उतरतात. त्या कल्चरवरून औषध ठरवणं म्हणजे नसलेल्या आजारावर उपचार. जागा साबण-पाण्याने धुवा, डेटॉल नको. मुलग्याची कातडी जोर लावून मागे ओढू नका. पहिली धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. तान्ह्या बाळाला दूध पाजून, काखेत धरून उभं करा, ओटीपोटावर बोटांनी हलकं टकटक करा. बऱ्याचदा काही मिनिटांत धार येते. नाहीच जमलं किंवा बाळ फार आजारी असेल, तर डॉक्टर नळी घालून नमुना घेतात. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. बाहेर राहिली तर जंतू दुप्पट-चौपट होत जातात आणि आकडा फुगतो.

मधल्या धारेच्या नमुन्यात एकाच जंतूच्या, बहुधा आतड्यातल्या ई. कोलायच्या, मिलिलीटरमागे 1,00,000 किंवा जास्त वसाहती (प्लेटवर वाढलेले जंतूंचे पुंजके) म्हणजे संसर्ग. तीन प्रकारचे जंतू आले तर नमुना बिघडलाय, परत द्या. रिपोर्टमध्ये औषधापुढे ‘आर’ (रेझिस्टंट) म्हणजे ते औषध निरुपयोगी. पण ‘एस’ (जंतू त्या औषधाला दाद देतो) दिसलं की झालं, असंही नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक मूत्राशयात चांगलं काम करतं, मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. ताप असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, म्हणून तेव्हा ते नको. योग्य औषध सुरू होऊन 48 तासांनीही ताप हटला नाही, तर पुन्हा दाखवा, सोनोग्राफी लागू शकते.

डोस वजनावर ठरतो. सेफिक्झिमचं सिरप 5 मिलिलीटरमध्ये 50 मिलिग्रॅम आणि 100 मिलिग्रॅम, दोन्ही मिळतं. मेडिकलवाल्याने ब्रँड बदलला की डोस निम्मा होऊ शकतो, आणि निम्म्या डोसात तगतात ते चिवट जंतूच. बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा, चमच्याऐवजी सिरिंज वापरा.

काही त्रास नसताना ‘खात्री म्हणून’ कल्चर करू नका. त्यात जंतू सापडले की विनाकारण आणखी एक कोर्स होतो.

संसर्ग वारंवार होतो तिथे आधी बद्धकोष्ठता विचारा. साचलेली शी मूत्राशयावर दाबते, लघवी पूर्ण होत नाही. शाळेचं स्वच्छतागृह घाण म्हणून मुली दिवसभर लघवी दाबून धरतात. दर दोन-तीन तासांनी जायची सवय लावा आणि वर्गशिक्षकांनाही तसं सांगून ठेवा.