वस्तीतील प्रौढांसाठी साक्षरता वर्ग कसा उभारावा

घरोघरी जाऊन ‘तुम्हाला वाचता येते का?’ असे थेट विचारू नये, कारण संकोचापोटी अनेक जण होकार देऊन मोकळे होतात. त्याऐवजी कोणता कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, हे विचारावे. औषधाची चिठ्ठी, वीजबिल, बँकेचा अर्ज अशी उत्तरे मिळतात आणि पहिले पाठ त्यांतूनच ठरतात.

शिकवण्याची सुरुवात मुळाक्षरांच्या तक्त्याने करू नये. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधील अंजिकोस येथे मजुरांच्या रोजच्या जगण्यातील शब्द निवडून, त्यांची अक्षरे सुटी करून नवे शब्द जुळवायला लावले होते. मराठीत ही रीत सहज जमते: ‘पाणी’ आणि ‘काम’ हे शब्द फोडून, काना-वेलांटी बदलत गेल्यास ‘माप’, ‘पीक’, ‘कमी’ असे शब्द शिकणारा स्वतःच जुळवतो. लहान मुलांची अंकलिपी मात्र प्रौढांसमोर ठेवू नये. ती त्यांना अपमानास्पद वाटते.

वर्गाची वेळ शिकणाऱ्यांनीच ठरवावी. त्या वेळेत मुलांना सांभाळायला कोणी नसेल, तर स्त्रियांची उपस्थिती सर्वांत आधी घटते, म्हणून शिक्षकाइतकीच मुले सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाची सोय महत्त्वाची आहे. क्यूबाने १९६१ च्या साक्षरता मोहिमेत शाळकरी मुलांनाही शिक्षक म्हणून खेड्यांत पाठवले होते, तेव्हा पदवीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. संयम मात्र पारखून घ्यावा. ग्रंथालयाने मोठ्या टायपातील पुस्तके द्यावीत, तर दुकानदारांनी आणि दवाखान्याने आपल्या सूचना सोप्या भाषेत लावाव्यात, म्हणजे वर्गाबाहेरही वाचनाचा सराव होत राहतो.