लॅटिनो घरांतल्या समलैंगिक मुलांसोबत काम करताय? या चुका टाळा

मायामीला लागून असलेल्या हायलियात मी कुटुंब समुपदेशनाचं काम करते. इथे दुकानांच्या पाट्यांपासून चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत बरंचसं स्पॅनिशमध्येच चालतं. माझ्याकडे येणारी घरं लॅटिनो, म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेतली: क्युबन, होंडुरन, निकाराग्वन, कोलंबियन. मुलं तेरा ते अठरा वर्षांची: कुणी गे, कुणी लेस्बियन, कुणी बायसेक्शुअल, कुणाचं अजून काही ठरलेलं नाही. दरवर्षी सोशल वर्क शिकणारे नवे इंटर्न येतात, हल्ली त्यात पुण्या-नाशिकची मुलंही असतात. जीव लावून काम करतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. म्हणून हे लिहितेय.

‘घरी सांगून टाक, मोकळी होशील’

ही चूक सगळ्यात महागात पडते. सोळा वर्षांची एक मुलगी होती. आमच्या इंटर्नने दोन भेटींत तिच्याकडून काय बोलायचं ते लिहून घेतलं, आरशासमोर सराव करायला लावला. मुलीने रविवारी चर्चनंतर आजीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, चौदा माणसांसमोर सांगितलं. वडील ओरडले नाहीत. उठले, तिचा फोन काढून घेतला, आणि त्या रात्री तिची बॅग दाराबाहेर आली. पुढचे पाच महिने ती मावशीकडे राहिली. शाळेचं सेमिस्टर गेलं. जगावंसं वाटत नाही, असं ती मला एका दुपारी अगदी शांतपणे म्हणाली. त्या शांतपणाने माझी झोप उडाली.

वडील नंतर माझ्याकडे आले. त्यांचं पहिलं वाक्य: “माझ्या आईसमोर सांगितलं हो तिने.” स्पॅनिशमध्ये एक शब्दप्रयोग आहे, ‘एल के दिरान’. म्हणजे थेट आपलं ‘लोक काय म्हणतील’. मराठी इंटर्नना वाटतं, हे आपल्याला आधीच माहीत आहे. अर्धंच माहीत असतं. इथल्या कित्येक घरांत कुणा एकाकडे तरी अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसतात. शेजाऱ्यांत चर्चा, शाळेतून फोन, दारात पोलीस, यातल्या कशाचीही त्यांना भीती असते. गप्प राहण्यामागे लाज असते तशी ही भीतीही असते, आणि ती खरी असते.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्या भेटीत कागदावर घर काढते, कोण कुठे झोपतं तेही. मग विचारते, “रात्री अकराला भूक लागली तर कोणाला उठवशील?” जे नाव येतं ते आमचं पहिलं माणूस. बहुतेक वेळा ती ‘तिया’ असते, म्हणजे मावशी किंवा आत्या, नाहीतर आजी. आधी त्या माणसाशी ओळख. सांगायची वेळ मूल ठरवतं, आणि नाही सांगितलं तरी चालतं, हे मी दर भेटीत म्हणते. सांगायचं ठरलंच तर त्या रात्री झोपायचं कुठे, हे आधी पक्कं करते. ज्यांना एका बैठकीत रडणं आणि मिठ्या हव्या असतात, त्यांना मी पहिले तीन महिने एकट्याने घरभेटीला पाठवत नाही.

आईबापांना शत्रू समजणं

सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या केटलिन रायन आणि राफाएल दिआस यांनी २००२ मध्ये फॅमिली अॅक्सेप्टन्स प्रोजेक्ट सुरू केला. त्यांच्या गटाचा २००९ चा अभ्यास आमच्याकडे प्रत्येकाला वाचायला लावते. २१ ते २५ वयाचे २२४ गोरे आणि लॅटिनो तरुण-तरुणी त्यात होते. किशोरवयात घरच्यांनी खूप झिडकारलेल्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांपेक्षा ८.४ पट होतं. तीव्र नैराश्याचं ५.९ पट. सगळ्यांत जास्त झिडकारणं लॅटिनो मुलग्यांच्या वाट्याला आलं होतं.

हे आकडे वाचून इंटर्न चिडतात आणि तो राग आईवर काढतात. पण त्याच प्रकल्पाचं दुसरं म्हणणं तेवढंच महत्त्वाचं: झिडकारणाऱ्या बहुतेक आईबापांना वाटत असतं की आपण मुलाला वाचवतोय. मित्रांना भेटू न देणारी आई आजारांना घाबरते, मारहाणीला घाबरते. १२ जून २०१६ ला ऑर्लँडोच्या पल्स या गे नाइटक्लबमध्ये ‘लॅटिन नाइट’ होती आणि गोळीबारात ४९ माणसं मारली गेली. फ्लोरिडातल्या आया ते विसरलेल्या नाहीत. त्या भीतीला ‘अज्ञान’ म्हणाल तर ती बाई पुढच्या आठवड्यात येणार नाही.

श्रद्धा बदला, असं मी कुणालाच म्हणत नाही. या आठवड्यात एक गोष्ट करा, एवढंच मागते. चुलतभावाने टोमणा मारला तर त्याला थांबवा. मुलाच्या मित्राला जेवायला बोलवा. वर सांगितलेल्या वडिलांनी ‘मी तिला शाळेत सोडेन’ हे निवडलं. तीन आठवडे गाडीत एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात मुलीने सांगितलं, बाबा तिच्या आवडीचं पेस्तेलितो, म्हणजे पेरू भरलेली पफ पेस्ट्री, घेऊन थांबले होते. ‘पण ते अजून पाप म्हणतात,’ असं इंटर्न म्हणाली. म्हणू देत. मुलगी आता रात्री झोपते.

मुलालाच दुभाषा करणं

एका दवाखान्यात पंधरा वर्षांच्या मुलाला आईसाठी भाषांतर करायला बसवलं होतं. डॉक्टरांनी नैराश्याबद्दल विचारलं, मग मुलगे आवडतात का, हेही विचारलं. मुलाने आईला सांगितलं, “पोटाबद्दल विचारतायत.” आई चार महिने त्याला तिखट न घालता जेवण देत राहिली. मी तेव्हा नवी होते, खोलीत होते, आणि बोलले नाही. ते अजून सलतं. अमेरिकेच्या आरोग्य कायद्याने आणीबाणी सोडून अल्पवयीन मुलाला दुभाषा करायला मनाई आहे. दुभाषा मिळत नसेल तर भेट पुढे ढकला. वेळ नाही, हे कारण मी ऐकून घेत नाही.

वडिलांना न बोलावणं

‘ते येणारच नाहीत’ म्हणत सगळे दुपारी तीनची वेळ देतात. बांधकामावरचा माणूस तीनला कसा येईल? रात्री आठची वेळ द्या. मायामी विद्यापीठात तयार झालेल्या ‘फामिलियास उनिदास’ या कार्यक्रमात पालक आधी पालकांच्या गटात बसतात, घरभेटी वेगळ्या होतात. समलैंगिक मुलांच्या कुटुंबांसाठी त्यावरूनच ‘फामिलियास कॉन ऑर्गुयो’ बेतला गेला. दुसऱ्या बापाला बोलताना ऐकल्यावर बाप जेवढा सैल होतो, तेवढा माझ्यासमोर कधीच होत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

‘लॅटिनेक्स’ (‘लॅटिनो’साठीचा, स्त्री-पुरुष भेद न करणारा नवा शब्द) घेऊन घरात शिरू नका. प्यू या संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे ३ टक्के होते. घरचे स्वतःला होंडुरन म्हणत असतील तर होंडुरन म्हणा.

मुलगा ‘बरा’ करून देतो म्हणणाऱ्यांकडे आई जाणार असेल तर स्पष्ट विरोध करा. इथे मी मवाळ राहत नाही. असे उपाय चालतात याला पुरावा नाही, आणि त्यातून इजा होऊ शकते, हे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००९ मध्येच सांगितलं आहे.

एचआयव्ही तपासणी किंवा प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध) सुरू करण्याआधी विम्याचं पत्र कोणाच्या नावाने घरी जाईल, ते विचारा. ते पाकीट आईनेच उघडलं, असं दोनदा झालंय.

जुनी पत्रकं फेकून द्या. ९८८ या संकटकाळच्या फोनवर ३ दाबलं की एलजीबीटीक्यू मुलांसाठी वेगळी सोय होती. ती जुलै २०२५ मध्ये बंद झाली. २ दाबल्यावर स्पॅनिश बोलणारं माणूस अजूनही मिळतं. एलजीबीटीक्यू मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेची मदत चोवीस तास चालू आहे. नंबर कागदावर देऊ नका, मुलाला विचारा फोनमध्ये कोणत्या नावाने ठेवू. माझ्याकडच्या एकाने तो ‘गणिताचे सर’ म्हणून ठेवलाय.